कोणाकडची माणसं

कर्ज फिटलं त्या दिवशी आम्ही घरात पायसमसुद्धा केलं नाही. गूळ महाग झाला होता.

कर्ज तसं आमचं नव्हतंच. माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ तुळजाराम लग्नाच्या जेवणावळींची कंत्राटं घ्यायला लागला, यांनी बँकेत जामीन म्हणून सही केली, आणि धंदा बसल्यावर तुळजाराम बायकोमुलांसकट सेलमला पसार झाला. बँकेला काय, जो घरी सापडेल तो आपला. हे, म्हणजे गोपालकृष्णराव, सापडले. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत नोकरी, ठरलेल्या बसनं जायचं, ठरलेल्या बसनं यायचं. असा माणूस कोणालाही सापडतो. आमची नंदिता तेव्हा शाळेत होती. ती शिकली, लग्न होऊन कोइमतूरला गेली, तिला मुलगी झाली, तरी आम्ही आपले तुळजारामाच्या वांग्यांचे आणि केळीच्या पानांचे पैसे भरतोच आहोत. मी चिडकी आहे, हे लपवत नाही. त्याचं नाव निघालं की आजही माझं डोकं फिरतं.

पण भरता भरता मला काटकसरीची चटक लागली, हेही खरं. शेवटचा हप्ता गेला तरी माझा हात काही सैल होईना. यांचं रिटायरमेंट वर्षावर आलं होतं. पेन्शन म्हणजे अर्धा पगार, तेव्हा आताच सवय केलेली बरी, असं आम्ही दोघांनी ठरवलं. जे जे हवं ते सगळं आम्ही रिटायर झाल्यावर करणार होतो. पुढच्या खोलीला पंखा रिटायर झाल्यावर. यांचा चष्मा रिटायर झाल्यावर. नातीकडे जाऊन चांगलं महिनाभर राहायचं, तेही रिटायर झाल्यावर. बसच्या पायऱ्या चढताना यांच्या छातीत भरून यायचं, दांडा धरून थांबावं लागायचं, आणि मी डॉक्टरचं नाव काढलं की हे म्हणायचे, "दाखवूं की. रिटायर झाल्यावर सावकाश दाखवूं. आतां गेलों तर तो दहा तपासण्या सांगेल."

मीही जास्त ताणत नसे. नाही म्हटलं तरी तपासण्यांचे पैसे हातातले जाणार होते.

आधी मी केसांतली फुलं बंद केली. मग देवापुढचा संध्याकाळचा दिवा. तिळाच्या तेलाचा भाव विचारा म्हणजे कळेल. मग फोडणी. डाळ, भाजी, चिंच एकाच कुकरात घालून शिजवायची आणि वरून मीठ, पोटाला कुठे कळतं? शेवटी दारातला कोलम गेला. महाराष्ट्रातले लोक रांगोळी म्हणतात, आम्ही कोलम म्हणतो. त्याची पूड काही सोन्याची नसते, मलाही समजतं. पण पहाटे दारात वाकलं की येणारीजाणारी थांबते, थांबली की बोलते, बोलली की आत येते, आणि आत आली की कॉफी.

खरा खर्च कॉफीचा. तंजावुरात घरी आलेल्याला कॉफी न देणं म्हणजे तोंडावर दार लावणं. त्यातून आम्ही राजवाड्यामागच्या गल्ल्यांतले मराठी लोक. आमच्यात कोणालाही "तुम्ही कोणाकडचे?" म्हणून विचारा, तो कुंभकोणच्या आत्याच्या जावेपासून सुरुवात करून दुसऱ्या वळणावर तुमचा मामेभाऊ निघतो. एकदा नातं निघालं की फिल्टर चढवावाच लागतो, आणि नुसती कॉफी कशी द्यायची, बरोबर काही खायला नको? म्हणून मी विचारणंच सोडून दिलं. कोणी दिसलं तर मान हलवायची आणि आत जायचं. यांनाही मी तेच शिकवलं.

ती बाई पहिल्यांदा आली ती मे महिन्यात, यांच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात, भर दुपारी. अग्निनक्षत्राचे दिवस, गल्लीत कुत्रंही फिरकत नव्हतं. आमच्या घराला दारासमोर जुना दगडी ओटा आहे, त्याला आम्ही तिण्णै म्हणतो. तिच्या काठावर तपकिरी नऊवारी नेसलेली एक म्हातारी बाई बसली होती. हात मांडीवर, मान खाली. मी खिडकीच्या गजांतून पाहिलं. नाक थेट यांच्या घराण्याचं. यांच्याकडचीच कोणी, ओरत्तनाडूच्या बाजूची असणार, असं मी धरून चालले आणि दार आवाज न करता ओढून घेतलं. ऊन कलल्यावर पाहिलं तर ती गेलेली. हाक नाही, पाणी मागणं नाही, काही नाही. किती समंजस बाई, असंच तेव्हा माझ्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी ती आली, बरोबर छत्रीवाला एक म्हातारा. मग आणखी दोन बायका. मग एक तरणा पुरुष, जुन्या पद्धतीचा कोट घातलेला, त्या उन्हात. रोज कोणी ना कोणी वाढत होतं. आपसात बोलत नव्हते, वारा घेत नव्हते. तोंडावर माशी बसली तर हाकलत नव्हते. मला सगळ्यांत खटकली ती त्यांची बसण्याची तऱ्हा. तिण्णैवर बसलेला माणूस भिंतीला टेकून रस्त्याकडे बघतो, बसायचं ते त्यासाठीच. ही माणसं रस्त्याकडे पाठ करून आमच्या दाराकडे तोंड करून बसायची. रांगेच्या मधोमध एका माणसाची जागा मोकळी ठेवायची. नवं कोणी आलं तर सगळे सरकायचे, पण ती जागा तशीच.

एकदा संध्याकाळी मी तिण्णै पुसायला गेले. दिवसभर तापलेला दगड, रात्रीपर्यंत हात ठेववत नाही असा. जिथं ती माणसं बसत होती तिथं तो विहिरीतल्या पायरीसारखा गार होता. मी फडकं तिथंच टाकलं आणि आत आले.

रविवारी जेवताना हे म्हणाले, "तुझ्या माहेरचीं माणसं फार समजूतदार हो, भुवना. काप्पी नाहीं, पाणी नाहीं, तरी तोंड वाकडं करत नाहींत."

"माझ्या माहेरचीं?" मी म्हटलं. "मी तर तुमचीं म्हणून गप्प बसलें."

यांचा हात ताटातच थांबला. दाराला फट होती. फटीतून बाहेरची तपकिरी साडी दिसत होती.

"विचारूं नक्को," हे हळूच म्हणाले. "विचारलंस की काप्पी आली. महिनाअखेर तर आहे. रिटायर झाल्यावर निवांत विचारूं."

मला हसू यायला हवं होतं. पण यांचा चेहरा कुकरातल्या भाजीच्या रंगाचा झाला होता आणि एक घास गिळायला त्यांना दोनदा दम घ्यावा लागला. मीही विचारलं नाही. आता कारण कॉफीचं नव्हतं. मला सरळ भीती वाटत होती, आणि भीती वाटते असं म्हणायची लाज वाटत होती.

शेजारी वासुकी राहते. घरात शिलाई मशीन आहे, ब्लाऊज शिवते, आणि मशीनपेक्षा तिचं तोंड जास्त चालतं. तमिळ बाई, मला मामी म्हणते. त्या आठवड्यात ती आमच्या पायरीशी आली, पण वर चढली नाही. खालच्या आवाजात "मामी, बरं आहे ना?" एवढंच विचारलं, माझ्याकडे असं काही बघितलं की माझ्या कपाळावर काही लिहिलंय की काय असं वाटावं, आणि निघून गेली. "येते" म्हणाली नाही. आमच्यात काय, त्यांच्यात काय, "येते" म्हटल्याशिवाय कोणी उंबऱ्यावरून हलत नाही. एकाच प्रकारच्या घरातून माणसं न बोलता उठून जातात.

मला राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा गल्लीच्या टोकाला पाणी आलं, तेव्हा मी तिला नळावरच गाठलं. माझी कळशी बाजूला ठेवली आणि तिचा हात धरला.

"मी काय केलंय तुझं? चोरासारखी येतेस, न सांगता जातेस."

तिचे डोळे भरून आले. "मामी, कोण गेलं तुमच्याकडे?" ती तमिळमध्ये म्हणाली. "विचारायचं तरी कसं? किती दिवस झाले, दारात कोलम नाही. दिवा नाही. फोडणीचा वास नाही. तुमच्या डोक्यात फूल नाही. आणि रोज दुपारी माणसं येऊन तोंड पाडून बसतात. तुम्ही काही बोलत नाही, म्हणून मीही... नंदिता बरी आहे ना?"

"तुला ती माणसं दिसतात?"

"म्हणजे काय मामी? सगळ्या गल्लीला दिसतात."

नळाचं पाणी तिच्या कळशीवरून वाहत होतं आणि माझ्या हातून ते बंद होईना. मी, पै न पै वाचवणारी बाई, ते वाहणारं पाणी बघत उभी राहिले. सुतक आलं की घरात काय काय बंद होतं हे मला कोणी शिकवायला नको होतं. दारातला कोलम, देवापुढचा दिवा, फोडणी, फुलं. मी एकेक करून सगळं बंद केलं होतं, आणि वर आल्यागेल्याला कॉफी विचारायचं नाही, हेही. सुतकाच्या घरी कॉफीची वाट कोण बघतो? म्हणून त्यांचं तोंड वाकडं होत नव्हतं. आमच्या घरी सुतक अगदी रीतसर पाळलं जात होतं. तेवढं माणूस जायचं राहिलं होतं.

मी कळशी तिथंच टाकून निघाले. वासुकी मागून हाका मारत होती. हे कचेरीत आहेत, ओरत्तनाडूला आहेत, तिथं पंखा आहे, शिपाई आहे, असं मी स्वतःला सांगत चालले होते. गल्लीचं वळण घेतलं आणि आमचं घर दिसलं.

तिण्णैवर रांग बसलेली होती. आज दुपारचीही वाट पाहिली नव्हती त्यांनी. सगळ्यांच्या पाठी रस्त्याकडे. तपकिरी साडी, कोट, छत्री. आणि मधल्या जागेत एक निळा शर्ट, पाठीवर घामाचा मोठा डाग. तो शर्ट सकाळी मीच वाळणाच्या दोरीवरून काढून यांना दिला होता.

मी समोर गेले. हे मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून बसले होते, त्या सगळ्यांसारखे. डब्याची पिशवी पायाशी.

"कधीं आलांत? काय झालं?"

"बस स्टँडवरूनच परत आलों," हे म्हणाले. आवाज कुठून तरी लांबून येत होता. "सुम्मा, उगीच बसलोंय थोडं. इथं गार वाटतं, भुवना. किती गार आहे बघ."

मी यांचा हात धरला. तो दगडाइतकाच गार होता. तेव्हा माझ्या अंगात जो संताप चढला तसा तुळजारामावरही कधी चढला नव्हता. इतकी वर्षं वरण पाणी घालून वाढवलं, एक साडी तीन दिवाळ्या नेसले, ते कशासाठी? या माणसाबरोबर चार वर्षं निवांत बसायचं म्हणून. दुपारी झोपायचं, नातीला फिरायला न्यायचं, एकमेकांवर चिडायचं म्हणून. आणि ही माणसं फुकट येऊन त्याला मधल्या जागेत बसवून घेऊन चालली होती.

मी त्या बाईच्या पुढ्यात उभी राहिले आणि गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं, "तुम्ही कोणाकडचीं?"

तिनं पहिल्यांदाच मान वर केली. चेहरा अगदी प्रेमळ होता, हेच मला विसरता येत नाही. बोलली ती आमचीच घरची मराठी, पण माझ्या आजीच्याही आधीची.

"ह्याच्याकडचीं आम्हीं, बाई," ती यांच्याकडे बघून म्हणाली. "तूं कळवलेंस, म्हणून आलों. थोडी घाई झाली काय?"

मला वाटलं माझी दातखीळ बसणार. पण बसली नाही. "घाई झाली!" मी ओरडले. "मी कोणाला कांहीं कळवलं नाहीं. उठा तुम्ही! अहो, उठा म्हणतें ना!"

"राहूं दे," हे म्हणाले. "दोनच दिवस राहिलेत. रिटायर झालों की..."

"रिटायर गेलं खड्ड्यात! मला तुम्ही आतां हवें आहांत. नंतर नक्को, आतां!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं मी कधी बोलले नव्हते. हे माझ्याकडे बघायला लागले, जणू हाक कुठून आली ते शोधत होते. मग ओठ हलले. "छातीवर कोणी तरी बसलंय," हे म्हणाले.

मी ओढलं. यांच्या शेजारचे दोघे हलले नाहीत, अडवलंही नाही, पण त्यांच्या मधून यांना बाहेर काढणं म्हणजे चिखलातून गाडी काढणं होतं. वासुकी धावत आली, तिनं दुसऱ्या काखेत हात घातला आणि ऑटोवाल्याला हाक मारली. ऑटोवाला मोठ्या सरकारी दवाखान्याचे दोनशे म्हणाला. छाती धरलेल्या अवस्थेत माझा नवरा म्हणाला, "एकशेवीस." मी यांच्या तोंडावर हात ठेवला आणि ऑटोवाल्याला म्हटलं, दोनशे काय, तुला हवे तेवढे घे, पण चल.

निघताना मी मागे पाहिलं नाही. वासुकीनं पाहिलं. ती म्हणाली, सगळे उभे राहिले होते, आणि एकमेकांना काहीतरी विचारत होते.

दवाखान्यात माझी चांगलीच खरडपट्टी निघाली. किती दिवसांपासून दुखत होतं, असं त्या डॉक्टरीणबाईनं विचारलं. मी म्हटलं, वर्ष झालं असेल. मग इतके दिवस कशाची वाट बघत होतात? काय सांगणार? तरुण मुलगी होती, तिला रिटायर व्हायला अजून तीस वर्षं होती. यांच्या हृदयाच्या नळीत त्यांनी जाळी बसवली. यांचा श्वास सरळ चालायला लागला त्या रात्री मी बाकावर बसून लहान पोरीसारखी रडले, आणि वासुकीनं आणलेली इडली रडत रडतच खाल्ली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी हे वॉर्डातल्या खाटेवरच रिटायर झाले. कचेरीतली चार माणसं आली. हार नर्सनं बाहेरच ठेवायला लावला, शाल तेवढी पायावर घातली. नंदिता कोइमतूरहून आली होती, नात खाटेला धरून उभी होती. सगळे गेल्यावर हे छताकडे बघत पडले.

"आतां काय करायचं, भुवना?" हे म्हणाले.

"आतां मी तुम्हाला काप्पी आणतें. साखर घातलेली नाहीं, डॉक्टर मारतील मला. पण दूध दाट."

"कॅन्टीनची? महाग असेल."

"असूं दे."

हे हसले. मी पर्स घेऊन बाहेर पडले. इतकं हलकं मला कर्ज फिटलं त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

कॅन्टीनला जायची वाट अतिदक्षता विभागासमोरच्या दालनातून जाते. तिथं लोखंडी बाकांवर आत असलेल्यांचे नातेवाईक बसतात. दोन दिवस मीही तिथंच बसले होते. दुपारची वेळ, कोणी डबा खात होतं, कोणी भिंतीवरचा टीव्ही बघत होतं. कोपऱ्यात एक कॉलेजातली मुलगी एकटी बसली होती. मांडीवर बापाच्या चपला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या. तिच्या पलीकडे एक मोठं कुटुंब, बायका, पोरं, म्हातारे. आणि मुलीच्या नि त्यांच्या मध्ये, तपकिरी नऊवारी.

टीव्हीकडे तिचं लक्ष नव्हतं. ती त्या बंद दाराकडे तोंड करून बसली होती.

मुलीला वाटत होतं, ती त्या कुटुंबाबरोबर आहे. कुटुंबाला वाटत होतं, मुलीची आजी असेल. त्यांनी सरकून तिला जागासुद्धा करून दिली. खाली मान घालून पुढे जावं, माझं माणूस वाचलंय, मला काय करायचंय, असं मनात आलं, आलंच. मी पुढे गेलेसुद्धा.

कॅन्टीनवर मी तीन कॉफ्या मागितल्या. एकात साखर दोनदा घालायला सांगितली. एक यांची, एक माझी झाकून पिशवीत ठेवली आणि तिसरी हातात घेऊन परत त्या कोपऱ्यात आले. मुलीसमोर पेला धरला. ती गोंधळली, मामी, मला नको, म्हणाली. मी तिच्या हातात दिलाच.

"आत कोण आहे तुझं?"

"अप्पा."

"आणि या?" मी डोळ्यांनी दाखवलं. "या कोणाकडच्या?"

तिनं वळून पाहिलं आणि खांदे उडवले. "माहीत नाही. त्यांच्याकडच्या असतील."

"त्यांच्याकडच्या नाहीत. विचार तिला."

"मी? कशाला मामी? बसू दे की आजीला."

"विचार," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, सगळं दालन आमच्याकडे बघायला लागलं होतं. "कोणाकडच्या म्हणून विचार. मोठ्यानं. आणि सांग की माझे अप्पा आत जिवंत आहेत, मला ते आत्ता हवे आहेत. तूच सांगायला हवंस, मी सांगून चालणार नाही."

म्हातारीनं मान वर केली आणि मला ओळखलं. मी हलले नाही. त्या पोरीनं बापाच्या चपला छातीशी धरल्या, कॉफीचा पेला बाकावर ठेवला आणि म्हातारीकडे तोंड वळवलं.